पंचक्रोशीतली वांगी

माझं हॉटेल वांग्यांमुळे बंद पडलं, असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही. ते माझ्या तोंडामुळे बंद पडलं. वांगी त्या वेळी फक्त ताटात होती.

खराडीच्या एका आयटी कंपनीत मी अकरा वर्षं काढली. एके दिवशी दुपारी कंपनीने स्थानिक अन्नावर व्याख्यान ठेवलं. वक्ता म्हणाला, "तुमच्या ताटातला बटाटा तुमच्यापेक्षा जास्त प्रवास करून आलेला असतो." मी रोज वारज्याहून खराडीला जात-येत होतो आणि त्यात तीन तास घालवत होतो. माझ्यापेक्षा जास्त प्रवास करणारा कोणी असेल, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं आणि सहा महिन्यांनी मी नोकरी सोडून बाहेर पडलो.

"हॉटेल काढतोय," मी बायकोला म्हणालो. सुजाता शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ती आधी अटी सांगते.

"काढ. मी शाळा सोडणार नाही. आणि मला भाकऱ्या थापायला बोलवायचं नाही."

(दुसरी अट तीन आठवडे टिकली.)

वारज्यात एक गाळा मिळाला. आठ टेबलं मांडली, स्वयंपाकाला लताबाई नावाच्या सुगरण बाई मिळाल्या आणि हॉटेलचं नाव ठेवलं 'पंचक्रोशी'. दारावर लावायला पाटी लिहिली : 'इथला प्रत्येक जिन्नस पंचक्रोशीतला.' पाटी लिहून झाल्यावर मी ती वडिलांना दाखवायला घेऊन गेलो. ती माझी पहिली चूक.

बाबांनी जकात नाक्यावर बत्तीस वर्षं कारकुनी केली होती. शहरात शिरणारा प्रत्येक ट्रक थांबवून 'माल काय, कुठून आला, कुठे चालला' हे तीन प्रश्न विचारायचे, एवढंच त्यांचं आयुष्य. निवृत्त झाल्यावर ट्रक सुटले, प्रश्न राहिले. घरी आलेल्या पाहुण्यालाही ते साधारण हेच विचारत.

त्यांनी पाटी दोनदा वाचली. "मीठ कुठून आणणार?"

"मीठ सोडून, बाबा."

"चहा?"

"चहा पण सोडून."

"जिरं, मिरी, हिंग, खोबरं?"

"बाबा, भावना समजून घ्या ना."

"पाटीवर भावना कुठे लिहिलीय? 'प्रत्येक जिन्नस' लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यावर पोचलो तेव्हा पाटीखाली एक कागद चिकटवलेला होता. बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात : 'टीप – मीठ, चहा, जिरे, मिरी, हिंग, लवंग, वेलदोडा, खोबरे व मोहरी हे जिन्नस बाहेरचे आहेत.' पुढच्या आठवड्यात त्यात कॉफी आणि दालचिनी वाढली. गिऱ्हाईक दारात उभं राहून ती यादी वाचायचं. एकाने सुजाताला विचारलं, "मग पंचक्रोशीतलं नक्की काय आहे?"

"वांगी आणि सासरे," सुजाता म्हणाली.

वांगी सुमनआत्याची होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मांजरीला राहते. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, आणि मधे तिची दीड एकर जमीन. पंचवीस वर्षं तिने अंगणवाडी सांभाळली. पोरं आणि रोपं तिच्या हाताखाली सारखीच वाढत. मी तिच्याकडे भाजी मागायला गेलो तेव्हा तिने पाटावर बसवलं, खीर खायला घातली आणि म्हणाली, "तुझं हाटेल म्हंजी माझंच की रं. सांग काय काय लावू."

"औषध मात्र मारायचं नाही हं आत्या. अजिबात."

"बरं."

"आणि खतही बाजारातलं नाही."

"बरं. आनि अळी पडली तर?"

"पडू दे," मी उदारपणे म्हणालो. शेत दुसऱ्याचं असलं की माणूस फार उदार होतो.

बाबांनी इथेही हरकत घेतली. मांजरी पंचक्रोशीत बसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. "वारज्यापासून सात कोस होते. मी नाक्यावर होतो, मला अंतरं विचारू नकोस." म्हणजे माझ्या हॉटेलातला एकुलता एक पंचक्रोशीतला जिन्नस पंचक्रोशीबाहेरून येत होता. मी ते मनावर घेतलं नाही. उलट आत्याचा मोठा फोटो भिंतीवर लावायचं ठरवलं.

फोटोग्राफर घेऊन मांजरीला गेलो. आत्या ठेवणीतली मोतिया साडी नेसून, चष्मा पुसून तयार होती. फोटोग्राफरचं तोंड पडलं. त्याला डोक्यावर भाजीची पाटी, कपाळावर घाम आणि विटकं लुगडं हवं होतं.

"आत्या, जरा रोजची साडी नेस ना. आणि चष्मा काढ."

"चष्मा काढल्यावर मला दिसंल का?"

"तुला दिसायची गरज नाही. लोकांना तू दिसायला हवीस."

ती आत जाऊन जुनी साडी नेसून आली. चष्म्याशिवाय तिला समोर काहीच दिसत नव्हतं, म्हणून फोटोत ती फार दूर कुठेतरी बघतेय असं वाटतं. फोटोखाली मी लिहिलं, 'शेतकऱ्याशी थेट नातं.' गिऱ्हाइकं त्या नजरेचं कौतुक करायची. 'मातीत रुजलेली नजर' असं एक बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. आज ते आठवलं की मान खाली जाते.

पहिले दोन महिने बरे गेले. आत्या आठवड्यातून तीनदा, दोन बस बदलून, गोणी घेऊन स्वतः यायची. मी टेम्पो पाठवतो म्हणालो तर म्हणायची, "गोनीपाशी मी असल्याली बरी." तिच्या शेतात जे निघेल ते आम्ही रांधायचो. निघायची वांगी. भरली वांगी, वांग्याचं भरीत, वांगीभात, वांग्याचे काप. शेजारच्या बँकेतले एक साहेब रोज जेवायला येत. एके दिवशी ते म्हणाले, "काल पण वांगंच होतं."

"आम्ही ऋतूप्रमाणे चालतो, साहेब."

"ऋतू कधी बदलतोय?"

"आत्याला विचारून सांगतो."

मग त्याच साहेबांच्या भरल्या वांग्यात अळी निघाली. मी धावत गेलो आणि त्यांना समजावून सांगितलं, की अळी ही शुद्धतेची खूण आहे, जिथे अळी जगते तिथे विष नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ताटाकडे बोट दाखवून विचारलं, "ही पण पंचक्रोशीतलीच का?"

त्यानंतर ते आले नाहीत. मग आत्याचा फोन आला, तेव्हा मी आधी तेच काढलं.

"आत्या, अळी नको."

"मंग औषध मारू?"

"औषध पण नको."

"नितीन, दोन्ही नको म्हनशील तर कसं व्हायचं? शेंड्याला लागलीया अळी. रोज हातानं शेंडं खुडतीया, तरी आवरंना."

"बघ ना काहीतरी. तुला जमेल." आणि मी फोन ठेवला, कारण मला ताटाखाली घालायच्या कागदावर एक मजकूर लिहायचा होता. विषय होता 'आमच्या शेतकऱ्याचं आम्ही ऐकतो'.

नंतर तिचे आणखी दोन फोन आले. एकदा मी म्हणालो, "मीटिंगमध्ये आहे." (माझ्या हॉटेलात मीटिंग म्हणजे मी आणि लताबाई.) दुसऱ्यांदा उचललाच नाही.

त्याच सुमाराला माझ्या जुन्या कंपनीतून निरोप आला. ॲडमिनच्या प्रमुख शर्मिला मॅडम आणि त्यांचे दोन सहकारी जेवायला येणार होते. जेवण आवडलं तर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रोज दोनशे ताटं आमची जाणार. 'स्थानिक शेतकरी' हा भाग त्यांना विशेष आवडला होता. ते ऐकून मी हवेतच गेलो. आत्याला फोन करून सांगितलं, "गुरुवारी चांगली वांगी आण. एकसारखी. एकही किडकी नको. आणि तू पण थांब, तुझी ओळख करून द्यायचीय."

"गुरवारीच पायजेत?"

"गुरुवारीच."

"बरं," आत्या म्हणाली.

गुरुवारी दहा वाजता ती आली. तीच ठेवणीतली साडी, डोळ्यांवर चष्मा, सोबत गोणी. वांगी बघून मला भरून आलं. जांभळी, चकचकीत, सगळी एका मापाची. लताबाई म्हणाल्या, "आज मसाला कमी घालते, वांगंच बोलेल." बाबा दारातल्या खुर्चीत बसून रिकामी गोणी न्याहाळत होते. त्यांना गोणी दिली की दुसऱ्यांच्या घरी म्हाताऱ्यांना पेपर देतात तसं होतं, तास निघून जातो. मी लक्ष दिलं नाही.

एक वाजता पाहुणे आले. शर्मिला मॅडम सावकाश जेवल्या, दोनदा वांगं मागून घेतलं. मी आत्याला तिच्याच फोटोखाली उभी करून ओळख करून दिली. मॅडमनी फोटोकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चष्म्यात तुम्ही जास्त छान दिसता." आत्या लाजून हसली. सगळं इतकं जमून आलं होतं, की मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण हात धुवून परत येताना मॅडमनी सहज बाबांना विचारलं, "काका, ही वांगी रोज मांजरीहून येतात?"

"रोजची येतात," बाबा म्हणाले. "आजची नाहीत."

मी म्हणालो, "बाबा."

"आजची मार्केट यार्डातली आहेत. आडत्याची गोणी आहे ही. आत चिठ्ठी पण सापडली." आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढून टेबलावर सरळ केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, चहाडी नव्हती. कोणी विचारलं, त्यांनी सांगितलं. बत्तीस वर्षांत त्यांनी मालाबद्दल खोटी नोंद केली नव्हती आणि ती सुरुवात माझ्यासाठी करावी असं त्यांना वाटलं नाही.

आता इथे एखादा शहाणा माणूस हसला असता. 'असेल काही अडचण' म्हणाला असता. मी आत्याकडे वळलो.

"आत्या, हे खरं आहे?"

उत्तराची वाट न बघता मी पुढे बोललो.

"मी इथे लोकांना छातीठोकपणे सांगतो आणि तू मला बाजारातला माल आणून देतेस? माझं नाव काय राहील? तुझा फोटो लावलाय मी भिंतीवर. असं फसवायचं असतं का घरच्याच माणसाला?"

आणखीही बरंच बोललो. नीट, शुद्ध मराठीत, थांबून थांबून. मी ओरडलो नाही, याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला. लताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सुजाता त्या वेळी शाळेत होती. ती असती तर दुसऱ्याच वाक्याला मला आत ओढून नेलं असतं.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "व्हय. मार्केटातनं आनली," ती म्हणाली. मग मॅडमना नमस्कार केला, पिशवी उचलली आणि बाबांना "येते दादा" म्हणून निघाली. गोणी तिथेच राहिली. ती बसस्टॉपकडे गेली, आणि मी काय केलं? मी पाहुण्यांना ताक हवंय का विचारलं.

कोणी ताक घेतलं नाही.

दोन दिवसांनी शर्मिला मॅडमचा फोन आला. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली, की वांगी बाहेरची निघाली, पुन्हा असं होणार नाही.

"वांग्यांचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "वांगी उत्तम होती. आणि मार्केट यार्ड तर तुमच्या मांजरीपेक्षा जवळ आहे."

मी मनात अंतर मोजू लागलो.

"पण तुम्ही त्या बाईंशी ज्या पद्धतीने बोललात ना, आमच्या समोर, ते आम्हाला तिघांनाही नाही आवडलं. रोज दोनशे लोकांशी तुमचा संबंध येणार. एखाद्या दिवशी आमच्यातल्या कोणाचं चुकेल." त्यांनी नम्रपणे फोन ठेवला. अकरा वर्षं त्या कंपनीत माझं मूल्यमापन झालं होतं, पण इतकं अचूक कधीच नाही.

तेवढ्यावर भागलं नाही. बाबांना ती चिठ्ठी स्वस्थ बसू देत नव्हती. माल कुठून आला हे कळलं होतं, पण त्याआधी कुठून आला हे कळलं नव्हतं. ते मला न सांगता सकाळी मार्केट यार्डात गेले, चिठ्ठीवरचा गाळा शोधला, आडत्याकडे चौकशी केली आणि दुपारी हॉटेलात येऊन माझ्यासमोर बसले. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "वांगी मांजरीचीच होती."

"म्हणजे?"

"सुमनच्या शेजारच्या रानातली. तो शेतकरी त्याचा माल यार्डात पाठवतो. ती पहाटे उठून यार्डात गेली, त्याच्या गोण्या शोधल्या, त्यातली निवडून घेतली. आडत्या म्हणाला, 'चष्मेवाल्या बाई होत्या. मांजरीचाच माल पाहिजे म्हणून अडून बसल्या. तासभर एकेक वांगं बघत होत्या.'" बाबांनी ग्लास बाजूला सारला. "मी अर्धीच चौकशी केली. नाक्यावर असतो तर मला नोटीस आली असती."

मी त्यांना पहिल्यांदाच स्वतःची चूक कबूल करताना बघत होतो आणि ती चूकही खरं तर माझीच होती.

त्याच दिवशी आम्ही दोघं मांजरीला गेलो. आत्या दारात लसूण सोलत होती. 'जय भीम' झालं, तिने पाणी दिलं, बसा म्हणाली. सगळं नेहमीसारखं. फक्त मला 'तू' ऐवजी 'तुम्ही' म्हणाली. माणसाला ठार करायला मराठीत तेवढा एक शब्द पुरतो.

"आत्या, माझं चुकलं."

"चला, रान बघा," ती म्हणाली.

वांग्याच्या वाफ्यात काही नव्हतं. झाडं उपटून बांधावर रचून ठेवली होती, वाळून काळी पडलेली. तिने एक झाड उचललं, शेंडा मोडून दाखवला. आत पोखरलेलं. "तीन फोन केलं," ती म्हणाली. "औषध मारू का म्हनून इचारायला. तुम्ही न्हाई म्हनलात, मी न्हाई मारलं. शबूद दिला हुता. मंग सगळंच गेलं."

"मग मला सांगायचं ना, की वांगी नाहीत."

"तेच सांगाया केलं हुतं फोन."

बाबा दुसरीकडे बघू लागले. शेजारच्या उंच इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं आणि आम्ही तिघं बराच वेळ त्या चादरींकडे बघत उभे राहिलो.

"तुम्हाला खोटं सांगायचं नव्हतं," आत्या म्हणाली, "आन् पाव्हन्यांम्होरं तुमची फजिती पन व्हाया नको हुती. म्हनलं, मांजरीचीच घेतली तर दोन्ही साधंल. पन त्या गोनीचं ध्यानात आलं न्हाई. दुसऱ्या गोनीत भरायला पायजे हुती."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी बंद केलं.

हॉटेल पुढे पाच महिने चाललं. दुसऱ्या शेतकऱ्यांकडून भाजी घेतली, पण गिऱ्हाइकांना शेतकऱ्यांच्या गोष्टी सांगताना माझी जीभ अडखळू लागली, आणि माझ्या हॉटेलात गोष्टींखेरीज फारसं काही नव्हतं. लताबाईंनी शेवटच्या महिन्यात स्वतःचा डब्यांचा व्यवसाय सुरू केला. तो उत्तम चाललाय. त्या भाजी मंडईतून आणतात आणि कोणालाही काही सांगत नाहीत. मी परत खराडीला नोकरीला लागलो, पुन्हा तीन तासांचा प्रवास. कंपनी दुसरी, कारण पहिल्या कंपनीत अर्ज करायचा मला धीर झाला नाही.

आत्याने माफ केलं म्हणते. 'तुम्ही'वरून हळूहळू 'तू'वर आली, त्याला वर्ष लागलं. तिच्या वाफ्यात पुन्हा वांगी लागली आहेत, ती शेजारीपाजारी वाटते, बाबांना देते, सुजाताच्या शाळेतल्या बायकांना देते. मला देत नाही. आमच्या घरी येताना ती वाण्याकडून बिस्किटाचा पुडा विकत घेऊन येते. दारातच माझ्या हातात ठेवते.

"कुठला हाय त्ये मागल्या अंगाला लिवलंय," ती म्हणते. "वाचून घे."

मी म्हणतो, "राहू दे ना आत्या." ती सोफ्यावर बसते आणि थांबते. मग मी वाचतो. कारखान्याचं गाव, जिल्हा, राज्य, पिनकोड, सगळं मोठ्याने. सुजाता चहा घेऊन येते, बाबा पेपर खाली करून ऐकतात, आणि माझं वाचून पूर्ण झालं की आत्या मान हलवते.

"पटलं ना? आता खा."